भुंग्याला कान नसतात

प्रिय ठमे,

आईच्या नावानं आलेलं तुझं पत्र मी वाचलं. पाकिटावर माझं नाव नव्हतं हे मला दिसत होतं. पण या घरात चष्मा न शोधता वाचणारा मी एकटाच आहे. ‘माझी पियानो लावायची हत्यारं कुणा गरजूला देऊन टाका, मी मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात रुळतेय,’ असं तू लिहिलं आहेस. त्याचं उत्तर याच पत्रात देणार आहे, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे आधी भलतंच काहीतरी सांगून. तापात कान गेल्यापासून तुला फोनवरचं बोलणं कळत नाही, आणि कळत होतं तेव्हाही तू मला दोन वाक्यांपुढे बोलू देत नव्हतीस. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर, शाळेला सुट्टी लागली म्हणून संगीताच्या खोलीतला पियानो सुरात लावायला गेलो होतो. या वेळी एकटाच. काम करता करता कान बधिरले की मी मागच्या पायरीवर जाऊन बसतो, ते तुला ठाऊक आहे. त्या पायरीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत जी मोकळी जागा आहे, तिला शाळेचा माळी उकिरडा म्हणतो. तिथं त्यानं काहीच लावलेलं नाही, म्हणून सगळं उगवलेलं आहे. जमिनीलगत पसरलेली एक काटेरिंगणी आहे. तिच्या देठांना काटे, पानांना काटे, पानांच्या शिरांनाही काटे. जणू कुणी तिला लहानपणी फार छळलं असावं. आणि त्या काट्यांच्या पसाऱ्यात फूल कसलं, तर नाजूक जांभळं, चांदणीच्या आकाराचं, मधोमध पाच पिवळे पुंकेसर एकमेकांना चिकटून उभे. मी इतकी वर्षं तिथं बसतो आणि इतकी वर्षं ते फूल पाहिलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसानं हे लिहायचं म्हणजे जिवावर येतं.

तेवढ्यात एक भुंगा आला. काळा कुळकुळीत, पंखांवर निळी झाक. हा लाकूड पोखरून घर करणारा प्राणी, म्हणजे आपल्या धंद्याचा जन्माचा वैरी. मी चप्पल हातात घेतलीच होती. पण तो फुलावर उतरला आणि त्याचा सूर बदलला. उडताना जो घुमणारा खालचा सूर होता, तो एकदम जवळजवळ सप्तकभर वर चढला. आणि खरी गंमत म्हणजे त्या वेळी त्याचे पंख मिटलेले होते! पंख मिटून हा गातो कशानं? चप्पल खाली ठेवली, आत जाऊन पट्ट्यांवर तो सूर शोधला. मधल्या ‘सी’च्या आसपास होता. पुन्हा बाहेर आलो. दुसरं फूल, तोच सूर. पुढचे कितीतरी दिवस मी पियानो लावायला कमी आणि पायरीवर बसायला जास्त गेलो. माळी म्हणाला, “मास्तर, शाळा तुम्हाला आतल्या कामाचे पैसे देते ना?” मी म्हटलं, “तुला बाहेरच्या कामाचे देते, तरी ही जागा अशी आहे. चालायचंच.”

मला कळलं ते असं. (पुस्तकातून पडताळून घेतलं आहे, पण आधी कळलं आणि मग पडताळलं, हा क्रम लक्षात ठेव.) इतर फुलं आपला पराग उघड्यावर मांडून बसतात. काटेरिंगणीचा पराग मात्र त्या पिवळ्या पुंकेसरांच्या आत, मिरपुडीच्या डबीत पूड असावी तसा, आणि डबीला टोकाशी बारीकसं भोक. फुलात मधाचा थेंबही नाही. मधमाशी येते, इकडेतिकडे फिरते आणि बंद दुकान पाहून परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखी निघून जाते. वारा दिवसभर फूल हलवतो, त्यालाही दाद नाही. भुंग्याची मादी येते, जबड्यात पुंकेसर घट्ट धरते, पंख मिटते आणि उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवते. सगळी थरथर फुलात उतरते आणि टोकाच्या भोकांतून पिवळा धूर निघावा तसा पराग तिच्या पोटावर उडतो. तो ती पिलांसाठी नेते. जाताना थोडा पुढच्या फुलाला लागतो आणि तिथं फळ धरतं. मी एका फांदीवर पियानो पुसायचं तलम फडकं बांधून पाहिलं. त्या फांदीवरची फुलं आली तशी गळाली. शेजारच्या फांद्यांना हिरव्या पट्ट्यांची गोल फळं लगडली.

मग मी खिशातला सूर जुळवायचा नादकाटा गुडघ्यावर आपटून फुलाच्या पोटाशी टेकवला. ठमे, फुलानं पराग दिला! थोडाच दिला, कारण माझा काटा भुंग्याच्या सुरापेक्षा बराच वरचा, पण दिला. फुलं सुरांच्या बाबतीत माझ्याइतकी कडक नसतात. त्या दिवशी मी घरी शीळ घालत आलो, तर तुझी आई म्हणाली, “काय हो, लॉटरी लागली का?” हे तिला काय सांगणार? सांगितलं तरीही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पँटला लागलेले काटे काढून दिले.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली, ती ऐक. भुंग्याला आपल्यासारखे कान नसतात. माझ्या कानाला इतका सुंदर लागलेला तो सूर, तो सूर म्हणून त्या मादीच्या लेखी नाहीच. तिला लागते ती थरथर. फूल जबड्यात आहे, पायांखाली आहे, तिथून तिला कळतं. एवढं नेमकं काम करणारी ती, आणि ऐकण्याचा त्यात काही संबंध नाही! मला आठवलं, पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या पियानोत काहीतरी खरखरत होतं. मी अर्धा दिवस कान लावून शोधत बसलो आणि तू नुसता तळवा लाकडावर फिरवून सैल झालेला स्क्रू दाखवलास. तेव्हा मला रागच आला होता. आता वाटतं, काय हात आहे या पोरीचा!

तर मी कानांत मेणकापसाचे बोळे घातले, त्यावर हेडफोन, हेडफोनमध्ये रेडिओची नुसती खरखर, आणि आपल्या दुकानातला जुना पियानो लावायला बसलो. आईची प्रतिक्रिया मला ओठांवरून कळली: “एरवी तरी कुठं ऐकता माझं!” आधी भुंगीसारखंच करायला गेलो. लाकडी पट्टीचं एक टोक दातांत धरलं, दुसरं पियानोच्या मागच्या फळीला टेकवलं. झकास ऐकू येत होतं. मग लक्षात आलं की ही लबाडी झाली. हाडातून सूर माझ्या आतल्या कानात पोचतोय, आणि तुझं दुखणं, डॉक्टर म्हणाले तसं, नेमकं आतच आहे. पट्टी फेकली. नुसती बोटं फळीवर ठेवली. एकाच सुराच्या दोन तारा जुळत नसल्या की जी लाट उठते, ती आपण ऐकत आलो. ती बोटांना ठोक्यासारखी लागते. तार थोडी ताणली की ठोका सावकाश होतो, आणखी सावकाश, आणि मग थांबतो. तो थांबला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण मी तुला खोटं सांगणार नाही. काही दिवसांच्या झटापटीनंतर बोळे काढून ऐकलं. खालचे सूर चांगले जुळले होते. मधल्यांत काही चुकले होते. आणि वरचे? वरचे ऐकून समोरच्या न्हाव्यानं खिडकी लावून घेतली. तिथली थरथर इतकी बारीक की बोटाला पत्ताच लागत नाही. वरच्या सुरांसाठी सूर चढा की उतरा ते काट्यानं दाखवणारं ते यंत्र घ्यावं लागेल, ज्याला मी आजवर खेळणं म्हणत आलो. ते मी काल घेतलं. दुकानदारानं ते कसं वापरायचं ते दोनदा समजावलं आणि मी दोन्ही वेळा ऐकून घेतलं. आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

तुझी हत्यारं मी कुणाला दिलेली नाहीत आणि आज देणारही नाही. मावशीकडे तू सुखात असशील तर तिथंच राहा, त्यावर मी अवाक्षर काढणार नाही. पण शाळा उघडण्याआधी सभागृहातला मोठा पियानो लावायचा आहे, आणि मी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगून बसलोय की दोघं येऊ. तुझ्यावर दया येऊन बोलावतोय असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढ. मधल्या सुरांत माझी बोटं अडतात, गं. ठोका कुठं संपतो आणि माझ्या मनाचा खेळ कुठं सुरू होतो, हे मला कळत नाही; तुला कळेल. मी ही विद्या कुणापुढे न वाकता शिकलो, हे आल्यागेल्याला ऐकवत आयुष्य काढलं. हा हात मात्र मला कुणीतरी धरून शिकवायला हवा आहे. शिकवशील का, तेवढं कळव. आणि या वेळी पाकिटावर माझं नाव घाल.

तुझाच,
शिकायला बसलेला बाबा