विठ्ठलवाडीचं कोण करणार?

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. आज शनिवार, मला सुट्टी. आई तुमच्या नातीला घेऊन खाली बागेत गेलीय, नवरा बाजारात. घर रिकामं आहे तोवर या कागदावर बोलून घेते. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. साडेपाच वर्षांची आहे, कपाळ तुमच्यावर गेलंय आणि जीभ माझ्यावर. आम्ही वर्तकनगरला राहतो, आईही आमच्याकडेच असते. आणि गेला महिनाभर घरात एकाच गोष्टीवरून धुसफुस चाललेली: पोरीला देवाधर्माचं शिकवायचं ते कधीपासून.

आईचं म्हणणं, आत्ता. "ओल्या मातीलाच आकार देता येतो. पुढे ती ऐकणार आहे का कुणाचं? तू ऐकतेस?" सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी संस्कारवर्ग भरतो, वर्षाच्या शेवटी स्टेजवर पाठांतर स्पर्धा. त्याचा फॉर्म तिने परस्पर आणून फ्रिजवर चिकटवला. मी म्हणाले, मोठी होऊ दे, स्वतःहून विचारू दे, मग बघू. "म्हणजे कधी?" "दहाची झाली की." "दहाची झाल्यावर तिला मोबाइल पाहिजे असेल, देव नाही." नवरा पोळी मोडता मोडता म्हणाला, "अगं, आपण काही नास्तिक नाही, आपण नुसते आळशी आहोत," तर मी त्याच्यावरच खेकसले. आळस नव्हता, अण्णा. भीती होती. नवऱ्याला ती कधी सांगितली नाही, आणि आईला ठाऊक असूनही तिने कधी विषय काढला नाही.

विठ्ठलवाडीची आपली खोली आठवते ना? तुम्ही आंबिवलीच्या कारखान्यातून फर्स्ट शिफ्ट करून येणार, दिवेलागणीला हातपाय धुऊन पाटावर बसणार आणि मला समोर बसवणार. मी सहा वर्षांची. त्या दिवशी तुमच्या खात्यातले एक साहेब चहाला आलेले. तुम्हाला केवढा अभिमान! "आमची मुलगी सगळं स्पष्ट म्हणते हं, ऐका." मी डोळे मिटून शुभंकरोति सुरू करते आणि 'कल्याणं'पाशी येऊन थांबते, कारण किती दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. कल्याण मला माहीत आहे. शेजारचं स्टेशन, आपण तिथे चपला घ्यायला जातो. मी डोळे उघडून विचारते, "अण्णा, देव कल्याणचं शुभ करतो, मग विठ्ठलवाडीचं कोण करणार?" साहेब खो खो हसले. तुम्ही नाही हसलात. तुमची पाचही बोटं माझ्या गालावर उठली. "कार्टे, देवाची टिंगल करतेस?" मग दंडाला धरून मला बाहेर गॅलरीत उभं केलंत आणि देवाची माफी मागेपर्यंत आत घेतलं नाहीत. आई आत साहेबांसाठी पोहे परतत होती. ती बाहेर आली नाही.

मी टिंगल करत नव्हते हो. मला खरंच काळजी पडलेली. आपण राहतो तिथलं कुणी बघतंय की नाही, एवढंच विचारलेलं मी. आणि उत्तर तर तुमच्या जिभेवर होतं! "विठ्ठलवाडीचं विठ्ठल करील की गं," एवढं म्हणाला असतात तर मी जन्मभर देवाला धरून राहिले असते. पुढे मी सगळं पाठ केलं, शाळेत बक्षिसं आणली, तुम्ही ती कपाटात मांडलीत. पण तुम्ही घसा खाकरून पाटावर बसलात की माझा हात आपोआप गालावर जायचा. देव म्हटलं की मला मारच आठवतो. माझ्या पोरीचं असं होऊ नये, म्हणून मी दहा दहा करत होते.

या मंगळवारी मी ऑफिसातून लवकर सुटले. किल्लीने दार उघडून आत आले, तर देव्हाऱ्यापुढे निरांजन लावलेलं आणि आई नि पोर दबक्या आवाजात म्हणतायत. मला बघून पोर ताडकन उठली, जोडलेले हात पाठीमागे लपवले. "आई, मी काहीच नव्हते म्हणत. आजीच म्हणत होती. प्रॉमिस." साडेपाच वर्षांची पोर देवापुढे खोटं बोलली, कशामुळे, तर माझ्या धाकामुळे. हे तिथल्या तिथे कळलं असतं तर काय हवं होतं? पण माझं टाळकं सरकलं. "माझ्या माघारी हे धंदे चालतात का?" असं आईवर ओरडले आणि वाकून फुंकर मारून दिवा घालवला. तोंडाने, अण्णा. आपल्याकडे दिवा विझला असंसुद्धा म्हणू द्यायचा नाहीत तुम्ही, शांत झाला म्हणायचं, आणि मी केकवरच्या मेणबत्तीसारखा फुंकला. पोर किंचाळली, "आई, बाप्पा रागावेल ना तुला!" आणि हुंदके देत आजीच्या पदरात शिरली. आईने तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "अगदी त्यांच्यावर गेलीस."

असं लागलं म्हणून सांगू! मी फणकारले, "आणि तू? तू तेव्हा पोहे परतत बसलीस." वाटलं, आता ही पण चढेल. तर ती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हो गं. पाहुण्यांपुढे त्यांना बोलायची छाती नव्हती माझी. चुकलंच माझं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे दोन दिवस पोर माझा चेहरा बघून मगच जवळ यायची. दूध मागायलासुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघायची. माझीच लेक, आणि मला भिते! मला ते सहन होईना. गुरुवारी मी तो फॉर्म फाडला आणि आईला म्हणाले, आजपासून सुरू कर, पण घरात. स्पर्धा नको, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवणं नको. पोर मध्येच काहीही विचारील, आणि उत्तर येत नसेल तर आपण सरळ येत नाही म्हणायचं. आई म्हणाली, "चालेल. पण दिवा तू लावायचास." लावला. पोर बसली, पण आजीच्या पलीकडे, माझ्यापासून लांब.

थोडं म्हणून झालं आणि तिने मान पुढे काढून विचारलं, "आई, तुला कुणी शिकवलं?" "तुझ्या आजोबांनी." "मग तुझं चुकलं की ते ओरडायचे?" आई खाली बघून वाती वळत राहिली. मी म्हणाले, "छे गं. ते हसायचे, आणि मला जवळ घ्यायचे." पोर उठली, आजीला वळसा घालून आली आणि माझ्या मांडीवर बसली.

लिफ्टचा आवाज आला, दोघी आल्या वाटतं. हे फाडून टाकते, आईच्या हाती लागायला नको. तुमचं नाव राखायला मी खोटं बोलले असं तुम्हाला वाटायला नको, अण्णा. ती माझ्याजवळ यावी, एवढ्यासाठीच बोलले.