एक टोपली माती

शिहो घाट,
११ सप्टेंबर १९९४

प्रिय ताई,

तू, दाजी आणि छोटी खुशाल असाल. आम्हीही बरे आहोत. बाबा सकाळी पेज आणि मुळ्याचं लोणचं खातात. खोकला गेला. ज्वारी यंदा चांगली मिळाली, भिजत घातली आहे. परवा शिजवून खमीर लावून दारूच्या खड्ड्यात भरायची.

बाबा बरे आहेत हे पुरतं खरं नाही. उन्हाळाभर ते दवाखान्यात होते, मी त्यांच्यापाशी. खड्डा तेवढे दिवस रिकामा राहिला. घरी आल्यापासून त्यांना वास येत नाही, कशाचाच. रोज खड्ड्याच्या काठावर बसून विचारतात, "कसा येतोय रे?" मी म्हणतो, "चांगला येतोय."

ताई, खड्ड्याच्या भिंतीची माती सुकली आहे. पूर्वी बोट लोण्यात जावं तसं आत जायचं, आता खरवडावं लागतं. वर पांढरे कण धरलेत. मी शेवटच्या धारेची दारू शिंपडत असतो, उपयोग नाही. परवा यानकाका विकत नेलेली बाटली परत घेऊन आले. "काय रे शिहंग, दारू विकतोस की भांडी विसळलेलं पाणी?" बाबांना वाटलं नेहमीची थट्टा. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "चांगली तर आहे." काका माझ्याकडे बघत राहिले.

शहरातल्या प्रयोगशाळेतून वेनबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "दारूला वास आणि चव देणारे मातीतले जीव मेलेत. परक्या मातीतले इथे रुजतील याची खात्री नाही. याच खड्ड्यातली माती कुणाला दिली होती का?" मी "नाही" म्हणालो.

पण तुझ्या लग्नात बाबांनी स्वतः या मातीची टोपली भरून दिली होती. पुढे दाजींची दारू आपल्यापेक्षा सरस निघाली, तेव्हा चहाच्या दुकानात चारचौघांत बाबा त्यांना चोर म्हणाले. त्यानंतर तू नदी ओलांडली नाहीस. तुझं चुकलं असं मला कधी वाटलं नाही, पण बाबांसमोर तेही बोललो नाही.

काल त्यांना सगळं सांगितलं.  मग म्हणाले, "दिलेली माती परत मागायची नाही. ज्वारी डुकरांना घाल. खड्डा बुजव." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत.

तरी मागतो आहे. आपल्या खड्ड्यातलं जे काही जिवंत उरलं आहे ते आता तुमच्याकडेच आहे.

पत्र नावाड्याच्या हाती देतो आहे. माती त्याच्याच हाती पाठवता येईल, पण तशी पाठवू नकोस. त्याने आणलेली टोपली बाबा दारातून परत करतील. तू आणलीस तर करणार नाहीत, असं मला वाटतं. खात्री नाही.

उद्या सकाळपासून घाटावर उभा राहतो. तू नाही आलीस तरी रागावणार नाही.

तुझाच,
शिहंग