एदेल्मिरा आत्याच्या फेसाचे उपकार

वाल्दिव्हिया,
शनिवार, सकाळ

तीर्थरूप एदेल्मिरा आत्यास,

नोल्बेर्तोचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझ्या गायी आणि तुझं चीज यांची प्रकृती याच क्रमाने विचारतो. इकडे ओतिलिया बरी आहे, छप्पर गळतं आहे आणि मी तुझा जन्माचा ऋणी झालो आहे. (ओतिलिया म्हणते, कारण आधी सांगा, नाहीतर आत्यांना वाटेल हा पुन्हा महिनाभर राहायला येतोय.)

तर कारण. माझे सासरे बाल्दोमेरो तुला लग्नात दिसले असतील, कोपऱ्यात बसून सगळ्यांचे पेले भरणारे. सासूबाई गेल्यापासून त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. खुर्ची, खिडकी आणि समोरची नदी, एवढाच संसार. जेवण म्हणजे चिमणीचा घास. अशात एक दिवस त्यांनी मला बोलावून आपलं तांब्याचं पातेलं हवाली केलं. त्यात त्यांनी जन्मभर घरची बिअर उकळली; आता हात थरथरतात. म्हणाले, "वाढदिवसाला मला याच पातेल्यातली पाहिजे. तू कर." त्यांचा सख्खा मुलगा शेजारीच बसला होता, तो छताकडे बघू लागला. ओतिलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी तोवर साधा चहासुद्धा धड केलेला नव्हता म्हणून.

आत्या, बिअर करणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ते भांड्यांचं सोवळं. उकळून निवलेल्या सातूच्या रसाला पिंप, नळी, बाटली, जे जे शिवेल ते निर्जंतुक हवं. एक जंतू आत शिरला की सगळं गोत बोलावून घेतो. पहिल्या खेपेला मी फरशीचं क्लोरीन वापरलं. खळखळून धुतलं असं माझं मत होतं. सासऱ्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि शांतपणे विचारलं, "ऑपरेशन कोणाचं आहे?" दुसऱ्या खेपेला औषधच नको म्हणून नुसतं उकळतं पाणी ओतलं. पिंप प्लास्टिकचं. बिअर पोटात जाण्याआधीच ते झिंगल्यासारखं एका अंगावर कललं. त्यातली बिअर आंबली ती आंबलीच, वर भर दुपारी कोठीत बाटल्या फुटू लागल्या. आमचं गाव एकदा भूकंपाने भुईसपाट झालेलं, इथे त्याची चेष्टा कोणी करत नाही. शेजारच्या एर्मिंदाबाई काखेत कोंबडी घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. (त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. कोंबडीही नाही.) तिसऱ्या खेपेला गुरांच्या डॉक्टरकडून आयोडिन आणलं आणि प्रमाण विचारायला लाज वाटली म्हणून अंदाजाने ओतलं. नळी, माझे हात आणि ओतिलियाचा पांढरा टेबलक्लॉथ, सगळं एका रंगाचं झालं. सासऱ्यांनी नुसता वास घेतला. म्हणाले, "या वेळी टाकेही घातलेले दिसतात."

वाढदिवस जवळ येत होता. सासरे पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसू लागले, आणि ते मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा जड जात होतं. मी तुला नुसतं विचारलं होतं, तू भांडी कशाने निर्जंतुक करतेस, आणि तेव्हाच बसने तुझी बाटली आली. दुधाचे कॅन तू ज्या आम्लाने निर्जंतुक करतेस तेच, आणि सोबत तुझी चिठ्ठी: आधी घास, घाणीवर औषध लागत नाही, मग हे पाण्यात मोजून घाल, क्लोरीनच्या जवळपास नेऊ नकोस, आणि फेस आला तर घाबरू नकोस, धुऊ नकोस.

पण आत्या, फेस किती यावा! पिंपाच्या काठावरून आला, नळीच्या दोन्ही टोकांतून आला, पडवीभर चालत गेला. फेस दिसला की पाणी ओतायचं, हे आईने लहानपणीच हाताला शिकवलेलं. मी बादली उचलली. तोच मनगटावर कोणाचा तरी हात पडला. सासरे होते. स्वतःहून, खुर्चीवरून उठून आलेले. म्हणाले, "त्या बाईने धुऊ नको म्हटलंय ना? मग नको." आणि माझ्यापासून फेसाचं रक्षण करत दुपारभर स्टुलावर बसून राहिले. त्या दिवशी जेवताना बटाटे पुन्हा मागून घेतले.

वाढदिवसाला पहिला पेला त्यांना दिला. त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला. मुलगा सवयीने छताकडे बघायला लागला. मग त्यांनी पेला रिकामा केला, पुढे धरला आणि ओतिलियाला म्हणाले, "तुझ्या आईला आवडली असती." ओतिलिया स्वयंपाकघरात गेली. मी पाऊस बघितला. (पाऊस पडत नव्हता.)

आत्या, हे सगळं तुझ्या एका बाटलीने झालं. आभार मानायला बसलो आणि एवढं लांबलं.

तुझा,
नोल्बेर्तो

ता. क. सासरे तुझी चौकशी करतात. ती बाटलीवाली बाई एकटीच राहते का, किती वर्षं झाली, नाचते का, वगैरे. मी नाचतेस म्हणून सांगितलं. दुधाचे कॅन कसे घासतात ते प्रत्यक्ष बघायचंय म्हणतात. त्यासाठी त्यांनी नवी टोपी घेतली.

पुन्हा ता. क. हे पत्र टपालाने येत नाही. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवून त्यांच्याच खिशात घातलं आहे, तेव्हा आत्ता ते तुझ्या दारात उभे असतील. बिअरचं खोकं जड आहे, आधी ते उतरवून घे. भूक लागली तरी सांगणार नाहीत, वाढून दे. परतीचं तिकीट मी काढत होतो. राहू दे म्हणाले.