मसणवटीतली पंचायत

३ जाने. १९७९
ग्रामपंचायतीची पहिली सभा. बाई हवी आणि बौद्धवाडीचं माणूसही हवं, म्हणून मी मेंबर. दोन्ही एकातच उरकलं. सरपंच म्हणाले, "मास्तरणीबाय, चढ चढून कशाला आलात? सही घरी येऊन नेली असती." बाकीच्यांना खुर्च्या, मला पोतं. बसलेच नाही. सभा संपेपर्यंत उभी.

१९ जाने.
नवी कचेरी नदीकाठच्या सपाटीवर बांधायची म्हणे. म्हणजे आमच्या मसणवटीत! गाव उताराचा, सपाट जागा कमी, कबूल. पण सरपंचांचा मळाही सपाटच की. तोंडावर बोलले. ग्रामसेवकाने 'सर्वानुमते' लिहून टाकलं. विरोध लिहा म्हटलं तर हसून, "बाई, चहा घ्या." मेला.

२० जाने.
हे महाडच्या शाळेतून आले. आधीच कानावर गेलेलं. "माझी बदली करतील. तू गप बस." ह्यांचे वडील तिथंच पुरलेत. जेवायला वाढलं.

६ फेब्रु.
पायाचे चर खणताना हाडं वर आली. मजूर थबकले. सरपंच म्हणाले, "जनावराची असतील. टाका नदीत."
मी चरात उतरले. "आधी मला टाका."
माझ्या पायाशी थुंकून गेले. हाडं पदरात गोळा केली, बाजूला पुरली. कोणाची, कोण सांगणार.

७ फेब्रु.
पोलादपूर. तहसील कचेरीतले साहेब म्हणाले, "दप्तरी नोंद नाही. तिथे मसणवट नाहीच."
"मग आमची माणसं गेली कुठं?"
साहेबांनी पंखा वाढवला.

९ फेब्रु.
बायजाआत्या सकाळी गेल्या. ह्यांची सख्खी आत्या. कालच हात धरून म्हणाल्या, "मला माज्या भावाशेजारी ठेव गो."
सरपंचांचा निरोप आला, नदीपलीकडे न्या. चराजवळ त्यांची माणसं काठ्या घेऊन बसलीत. आमचे पुरुष म्हणतात, भांडण नको, पलीकडेच नेऊ. बायका ऐकत नाहीत.
तार मिळाली, हे आले. विचारलं, "कुठं न्यायचं?" गुमान तिरडीच्या पुढच्या खांद्याला जाऊन उभे.
वाडीबाहेर वाट फुटते. डावीकडे नदी ओलांडायचा साकव, उजवीकडे चर. हे कुठंही वळोत, मी उजवीकडे—
तिरडी उचलायची हाक आली.