पाकिटावरचं हळदीचं बोट

आप्पा, तुमच्यावर लिहून आलंय. आमच्या पेपरात नाही. आमच्या पेपरात तुम्ही गेलात तेव्हा चार ओळी आल्या होत्या, आणि त्या मीच लिहिल्या होत्या. आता आलंय ते अनगोळच्या एका बाईच्या ब्लॉगवर. ब्लॉग म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? आपल्या निपाणीच्या चौकात वार्ताफलक असायचा ना, तसा फलक समजा. फक्त खडू सगळ्यांच्या हातात. ही बाई वर लिहिते, खाली लोक भर घालतात, एकमेकांचं खोडतात, फोटो लावतात. मूळची सदलग्याची, बेळगावात बँकेत नोकरी करते आणि नोकरी सांभाळून हे उद्योग करते. मला ती आवडत नाही. तिनं माझं काहीही वाईट केलेलं नाही, हेच तर मोठं दुखणं आहे.

जळफळाट म्हणतात तो हाच. इतकी वर्षं मी बेळगावच्या डेस्कवर सीमाभागाचं पान लावतेय, आणि आमचे साहेब सकाळी आल्या आल्या विचारतात, "तिच्याकडं काय आलंय?" परवा वडगावात नाल्याचं पाणी घरांत शिरलं, मागावरचं सूत भिजलं. मी स्कूटर काढून गेले. तोवर लोकांनीच तिला फोटो पाठवले होते, एकानं चुकलेलं गल्लीचं नाव सुधारलं होतं, दुसऱ्यानं कुठल्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत ते कळवलं होतं, आणि ते वाचून पोरं त्यांना बाहेर काढायला पोचलीही होती. एक विणकर बाई मला म्हणाली, "ते तर कवाच आलंय की तिच्याकडं! तुम्ही आता काय नवीन घेणार, आक्का? या, च्या घ्या." मी चहा घेतला. लई गोड होता.

बरं, ती थापा मारत असती तर मला बरं वाटलं असतं. पण ऐकीव बातमी असली की ती खाली लिहिते, 'अजून घरी जाऊन आलेले नाही.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. हे वाक्य तुमचं आहे. मला ते शिव्या खाऊन मिळालेलं. आठवतं? मी कॉलेजात जाते, पेपरचे निपाणीचे वार्ताहर तुम्ही, मला नुकत्याच निधनवार्ता लिहायला दिल्यात, आणि नळावर कानावर पडलं म्हणून मी मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याची बातमी लिहून मोकळी होते. रक्षाविसर्जनाची वेळसुद्धा घालते. तुम्ही कागद बघता.

"घरी जाऊन आलीस?"

"न्हाय. पण समदी म्हणत्यात."

"मग म्हातारा गेला हे तुला काय ठावं? समदी गेलीत व्हय बघायला?"

तुम्ही चपला घातल्या आणि मला पुढं घालून नेलंत. म्हातारा पडवीत बसून पेज पीत होता. त्यानं मला विचारलं, "काय गं, कुणाकडं आलतीस?" तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडंच. बरं हाय का बघाय."  आपल्याकडं लोक पेपर मागून उघडतात, कुणाची रक्षा कधी आहे ते आधी बघतात आणि मग बाकीचं जग. त्या पानावर जिवंत माणूस छापायला निघाले होते मी.

तर तिला हे कुठून मिळालं? तिच्या लेखात आहे ते. ती शाळेत होती, तिचे आजोबा गेले आणि तुम्ही निपाणीहून बसनं सदलग्याला आलात, "घरी जाऊन आल्याबिगर मी लिहीत न्हाय" म्हणत. तिच्याच घरी पुढच्या सोप्यात बसून बातमी लिहिलीत, मग घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवलीत आणि विचारलंत, "कुणी ऱ्हायलं का?"  तिच्या मोठ्या आत्यानं परजातीत लग्न केलेलं. घरात तिचं नाव काढायची बंदी होती. मग आतून आजी म्हणाली, "थोरली ऱ्हायली." तुम्ही कुणाकडं न बघता नाव घातलंत. पेपर वाचून आत्या रक्षेला आली. लेखाखाली त्या आत्यानं स्वतः लिहिलंय, 'माझ्या माहेरची वाट या माणसानं उघडली.'

मला हे माहीत नव्हतं, आप्पा. तुम्ही घरी आलात, जेवलात, "आज बस लई कोंबलेली" एवढंच म्हणाला असाल. माझे वडील सदलग्याच्या एका पोरीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, आणि ती ते सगळ्या गावाला वाटतेय. लोक घेताहेत. कुणी तुमची छत्री घेतली, कुणी तुमचं खोकणं. वाचताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता, की ह्यांना कुणी सांगितलंय तुम्हाला वाटून घ्यायला?

त्यातच एका रिटायर कंडक्टरनं लिहिलं. बातम्यांचं पाकीट तुम्ही चारच्या गाडीनं बेळगावला पाठवायचात ते त्याच्याच हाती असायचं. 'पाकिटाच्या कोपऱ्यावर नेहमी हळदीचं बोट असायचं. का ते मी कधी विचारलं नाही.' झालं, लोकांनी का ते ठरवलं. एक म्हणाला, बातमी शुभ व्हावी म्हणून. दुसरा छातीठोक म्हणाला, तो यल्लम्माचा भंडारा, वार्ताहर मोठे भक्त होते. तुम्ही! देवळाची पायरी लागू नये म्हणून वळसा घालून जाणारे.

बोट माझं होतं. आई तंबाखूच्या वखारीतून दिवेलागणीला यायची, म्हणून आमटी मी टाकायची, आणि मधेच भाताच्या खळीनं तुमचं पाकीट चिकटवायची. तुम्ही रोज ओरडायचात, "हात धू गं आधी! साहेबाला काय जेवाण धाडतोय काय?" मी रोज विसरायची. हे मला एका ओळीत लिहिता आलं असतं. 'चूक दिसली की दुरुस्त करायची, शेजाऱ्याच्या पेपरातली असली तरी,' हेही तुमचंच. मी लिहायला बसलेही. तेवढ्यात कंडक्टरची ओळ खालपर्यंत वाचली. 'त्या गाडीवर माझा पहिला दिवस होता. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. पाकिटाबरोबर त्यांनी मला बुंदीचे लाडू दिले. तेव्हापासून मी रिटायर होईपर्यंत रोज ते पाकीट आणि रोज ते बोट.'

मुलगी म्हणजे मी. मी तेव्हा बेळगावला नांदत होते. आई चार वाजता वखारीत. मग घरात हळदीच्या डब्यात बोट घालणारं कोण होतं, आप्पा?

 माझ्या लग्नात तुम्ही रडला नाहीत म्हणून मी इतकी वर्षं मनात धरून होते. आणि ही गोष्ट मला कुणी दिली? तिच्याच फलकानं. तो नसता तर कंडक्टर कुणाला सांगणार होता? आमच्या पेपरात चार ओळींच्या वर जागा नसते. तिचे उपकार झाले, आणि उपकारानं जळणं कमी होत नाही, उलट वाढतं, हे मला नव्यानं कळलं.

लेखाच्या शेवटी तिनं लिहिलंय, 'कुणी राहिलं का? असेल तर खाली लिहा.' मी राहिलेय. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मग हे तुम्हाला लिहायला घेतलं, जे कुठल्याच गाडीनं जाणार नाही. सगळं गाव तुम्हाला वाटून घेतंय तर घेऊ दे. हे एक बोट मी देणार नाही. आणि आता रागवायचं तर रागवा. त्या यल्लम्माच्या भंडाऱ्याच्या ओळीला लोकांनी पटलं म्हणून अंगठे दिलेत. त्यातला एक माझा आहे.