चिखलाचा वर्ग

प्रिय वहिनी,

इथल्या बालशाळेने माझ्यावर घोर अन्याय चालवलाय: वर्गात मोठ्यांची खुर्ची ठेवायला बंदी! मुलांच्या डोळ्यांशी डोळे भिडले पाहिजेत म्हणे. म्हणून पन्नाशीची ही तुझी नणंद दिवसभर वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसते आणि उठायची वेळ आली की चार वर्षांची दोन पोरं हात देऊन ओढून काढतात. 'बाई' वगैरे काही नाही, सरळ नावाने हाक.

तिथे आपल्या जुन्या शाळेत आपण शेजारशेजारच्या वर्गांत शिकवायचो, तेव्हा पालक दारातच विचारायचे, "अजून शंभरपर्यंत येत नाही?" इथे विचारतात, "आज खेळली ना?" शिकवायचं नाही, बघायचं. कोण कुणाला खेळणं देतं, कोण का रडतं, ते टिपून ठेवायचं. पहिला महिनाभर मला वाटत होतं, पगार फुकटच घेतेय.

परवा अंगणात माती ओतली आणि झारी ठेवली. प्रशिक्षिकेने बजावलं, मध्ये पडू नका. वर्षभर तोंडातून शब्द न काढलेली एक मुलगी कोपरापर्यंत चिखलात हात घालून शेजारणीला म्हणाली, "अजून पाणी." सगळ्या बाया डोळे पुसत होत्या. मी आत जाऊन उगाच कपाट आवरत बसले. वीस वर्षांपूर्वी तू हेच करत होतीस, कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय.

आणि मग तुझा वर्ग काढून घेतला, तुला साहित्याच्या खोलीत बसवलं. इतकी वर्षं खडूंची खोकी मोजलीस. घरी येऊन एवढंच म्हणालीस, "जाऊ दे गं, तपासनीस बाईंना चिखल आवडला नसेल." मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही.

तपासनीस बाई तुझ्या वर्गात आल्याच नव्हत्या, वहिनी. मुख्याध्यापिकांनी अभिप्राय माझ्याकडून घेतला. 'मुले दिवसभर चिखलात, लेखन शून्य' हे वाक्य माझं. मधली सुट्टी झाली की माझ्या वर्गातली पोरं तुझ्याकडे धावायची, ते मला बघवत नव्हतं. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. या महिनाअखेर तू निवृत्त होतेस आणि तो शेरा तुझ्या नावावर तसाच आहे. आज आपल्या त्या शाळेच्या संस्थेला लिहून कळवलं, की तो अभिप्राय माझा होता आणि अन्यायाचा होता. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. प्रत सोबत आहे. दादाला दाखवायची की नाही, ते तू ठरव.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
नणंद