फ्लॉरेन्स ते नेपल्स, सावकाश

बुधवार, ३ सप्टेंबर
ऑर्टेन्सियाचा फोन. प्रबंधाची तोंडी परीक्षा नेपल्सला, १७ ऑक्टोबर, दुपारी तीन. शुक्रवार आणि वर तारीख सतरा. असा मुहूर्त या देशात कोणी शत्रूलाही देत नाही. मी म्हणालो, लॅटिनच्या मास्तराच्या मुलीनं असल्या खुळचट समजुतींना भीक घालू नये. फोन ठेवल्यावर खिशातल्या लोखंडी किल्लीला हात लागला. लोखंडानं अपशकुन टळतो म्हणतात. सहज लागला.

ठेवण्याआधी ती म्हणाली, "बाबा, निकाल सांगितला की पदवीचा मुकुट तुम्हीच ठेवायचा माझ्या डोक्यावर. दुकानातला नको. आपल्या दारच्या लॉरेलच्या पानांचा."

एकतीस वर्षं पोरांना लॅटिन शिकवलं. आपण होऊन डोकं कोणी पुढं केलं नव्हतं. रेंज नाही असं सांगून फोन ठेवला.

निश्चय: प्रवासाची आखणी मी स्वतः करणार. इतर कोणाची लुडबुड नको.

गुरुवार, ४ सप्टेंबर
लुडबुड आली. मेहुणा ओत्तोरीनो. माझ्या बायकोचा, नीवेसचा, हा भाऊ न्हाणीघराच्या फरश्या विकतो आणि वेगाविषयी बोलतो. म्हणे, द्रुतगती गाडी घ्या, तीन तासांच्या आत नेपल्स, आज बुक केलं तर माणशी एकोणतीस युरो नव्वद. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "प्रोफेसर, दाबू का बटण?"

मी म्हणालो, आधी अभ्यास, मग बटण. तो हसला. हसताना त्याचे दात त्याच्याच दुकानातल्या मालासारखे दिसतात.

शनिवार, ६ सप्टेंबर
तुलनात्मक तक्ता तयार. चार रंगांची शाई.

द्रुतगती: दोन तास पंचावन्न मिनिटं. भाडं रोज बदलतं, म्हणजे शील नाही. निम्मा प्रवास बोगद्यात. खिडकी असून उपयोग नाही.
इंटरसिटी: चार तास चाळीस मिनिटं, चौतीस युरो. ना धड जलद, ना धड मंद. त्रिशंकू. बाद.
रेजिओनाले: प्रत्येक गावाला नमस्कार करत जाणारी. रोमला गाडी बदलून सव्वासात तास. छत्तीस युरो वीस. भाडं आज, उद्या, प्रलयाच्या दिवशी तेच.

सावकाश घाई करावी, असं रोमचा पहिला सम्राट म्हणत असे. त्याला फरश्या विकायच्या नव्हत्या.

नीवेसला तक्ता दाखवला. तिनं विचारलं, म्हणजे जलद गाडी आज स्वस्त आहे? स्त्रिया तक्ता आडवा वाचतात. तो उभा वाचायचा असतो.

तरीही मी दुराग्रही नाही. द्रुतगतीचं भाडं पंचवीसच्या खाली आलं तर विचार करू. थांबतो. उतरेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर
एकोणचाळीस नव्वद. अपेक्षित. उतरण्यापूर्वी वस्तू थोडी चढतेच.

सोमवार, २२ सप्टेंबर
चोपन्न. हे शिखर दिसतं.

ओत्तोरीनोनं त्याची तीन तिकिटं म्हणे त्या पहिल्याच दिवशी, माझ्या दारातून बाहेर पडताना काढली. स्वतःचं, बायकोचं आणि एक "असू दे, लागलं तर" म्हणून. उपकाराचं एवढं आगाऊ आरक्षण मी कुठं पाहिलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर
चौऱ्याहत्तर. आता तत्त्वाचा प्रश्न आहे.

स्टेशनवर जाऊन रेजिओनालेची कागदी तिकिटं आणली. एक फ्लॉरेन्स ते रोम, दुसरं रोम ते नेपल्स. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, मोबाइलवर का नाही काढत? मी म्हणालो, बॅटरी संपते, कागद संपत नाही. मागच्या रांगेत कोणीतरी सुस्कारा टाकला. टाकू दे.

संध्याकाळी नीवेसला तिकीट छापण्यावर व्याख्यान दिलं. चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात तिकीट घालायचं, ते तारीख-वेळ छापतं, आणि तेव्हापासून तिकीट चार तास चालतं. न छापता चढला की दंड. परदेशी पाहुणे विसरतात, ओत्तोरीनोसारखे मोबाइलवाले तर ही विद्याच विसरलेत. नीवेस म्हणाली की तिला हे ठाऊक आहे, ती याच देशात जन्मली आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर
मुकुट विणायला घेतला. फांद्या ताज्या, तार बारीक, एक लाल फीत. माप माझ्याच डोक्याचं घेतलं. ऑर्टेन्सियाचं डोकं माझ्यावर गेलंय, हे तिच्या शाळेतसुद्धा सगळे म्हणायचे.

बुधवार, १५ ऑक्टोबर
फितुरी. नीवेस ओत्तोरीनोच्या तिसऱ्या तिकिटावर जाणार. सकाळी दहाची गाडी, एकच्या आत नेपल्स, मग जेवण. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला पोरीची परीक्षा बघायचीय. तुमचा प्रयोग नाही."

जा म्हणालो. मुकुट मात्र माझ्याबरोबर येईल. ओत्तोरीनोनं फोनवर सुचवलं, की मुकुट तरी आमच्याकडे द्या, न जाणो. ते "न जाणो" मी लक्षात ठेवलं आहे. मग म्हणाला, मीही एक तयार मुकुट घेऊन ठेवतो, काम नाही पडलं तर दुकानात लावीन. फरश्यांच्या मधोमध लॉरेल! सीझरनं ऐकलं असतं तर पुन्हा मेला असता.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर
पहाटे ५.४० — स्टेशन. थंडी. मुकुट टोपीच्या डब्यात. बारमध्ये उभ्यानं कॉफी. घाईत असलेली माणसं आजूबाजूला. कीव येते.

५.४८ — तिकीट छापलं. मग विचार केला, रोमला गाडी बदलताना गर्दीत यंत्र सापडलं नाही तर? दुसरंही आत्ताच छापून टाकलं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. एकाच यंत्रात, एकाच मिनिटात, दोन चिंता मिटल्या.

६.०२ — गाडी वेळेवर सुटली. मी म्हटलंच होतं.

८.१० — ओर्व्हिएतो आलं नाही अजून, पण येणार आहे, हे निश्चित ठाऊक असण्यात सुख आहे. समोरची बाई उकडलेलं अंडं खाते आहे. द्रुतगतीत असली मानवी संगत मिळत नाही. खिडकी उघडत नाही.

९.५२ — रोम. वेळेत.

१०.३६ — नेपल्सची रेजिओनाले. इतर लोक फलाटावरच्या यंत्रापुढं धक्काबुक्की करत होते. मी त्यांच्या बाजूनं शांतपणे चालत गाडीत चढलो. नीवेस यावेळी फ्लॉरेन्सच्या पुढं बोगद्यात असेल. अंधारात.

११.४० — तिकीट तपासनीस. तरुण मुलगी, कानात तीन बाळ्या. तिकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, हे तिकीट पावणेदहालाच मेलंय."

मी तिला दूरदृष्टीचं तत्त्व समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पाच अठ्ठेचाळीसला छापलं, चार तास झाले, जागेवर पन्नास युरो भरा नाहीतर फोर्मियाला उतरा. शेजारचा माणूस म्हणाला, भरा हो काका, नेपल्स दीड तासावर आहे. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

पन्नास युरोचा प्रश्नच नव्हता. तत्त्वाचा होता.

११.५३ — फोर्मिया. उतरलो. वेळ भरपूर. पुढची गाडी १२.५०. नवं तिकीट काढलं. अर्ज मागितला. अर्जात तक्रारीसाठी आठच ओळी होत्या, हा त्या अर्जाचा दोष. जादा कागद मागितले.

१२.५० — गाडी आली, समोरच उभी राहिली, गेली. मी सहाव्या परिच्छेदात होतो. वाक्य अर्धवट टाकणं मला जमत नाही.

१.१५ — नीवेसचा फोन. कुठं आहात? जवळच, म्हणालो. पाठीमागे ओत्तोरीनोचा आवाज, आणि काटेचमच्यांचा. जेवत होते. विचारलं, वेळेत ना? म्हणालो, वेळेतच.

पुढची गाडी २.५०. भूक. मुकुटाच्या डब्यावर बसलो, बाकं ओली होती. एकच तिकीट, एकदाच छापलं.

४.४५ — विद्यापीठ. दालन रिकामं. शिपाई खुर्च्या लावत होता. एकशे दहापैकी एकशे दहा, वर विशेष गौरव, असं त्यानं सांगितलं. मी तिचा बाप आहे, म्हणालो. तो म्हणाला, "बाप मघाशी होता की. मोठ्या दातांचा."

५.०० — समोरच्या बारमध्ये सगळे. ऑर्टेन्सियाच्या डोक्यावर दुकानातला मुकुट, सोनेरी फितीचा. तिनं मला पाहिलं, तो मुकुट काढून टेबलावर ठेवला आणि डोकं पुढं केलं.

मी डबा उघडला. बसल्यानं मुकुट चपटला होता. दोन्ही हातांनी गोल केला आणि ठेवला. तो कपाळावर, नाकावर असा थांबत थांबत थेट गळ्यात उतरला. तिचं डोकं नीवेसवर गेलंय.

सगळे हसले. तीही हसली, पण डोळे पुसत. मग हळूच म्हणाली, "बाबा, निकाल वाचायच्या आधी परीक्षकांना मी पाच मिनिटं थांबायला सांगितलं होतं. दोनदा."

ओत्तोरीनोनं फोटो काढला. त्यानं या वेळी "प्रोफेसर" म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर
परतीचं तिकीटही त्यानं काढून ठेवलं होतं. माझं. सप्टेंबरातच. द्रुतगती. दोन तास चोपन्न मिनिटं, तक्त्यापेक्षा एक मिनिट कमी. बोगदे मोजायचं ठरवलं होतं. झोप लागली. नीवेस म्हणते, त्याच्या खांद्यावर.

रविवार, १९ ऑक्टोबर
ऑर्टेन्सियानं मुकुट माझ्याबरोबर परत पाठवला होता, घरी भिंतीवर लावा म्हणून. सकाळी खिळा शोधत बसलो. डिसेंबरची भाडीही पाहिली, ती नाताळला या म्हणाली आहे. नेपल्स चोवीस नव्वद. नीवेस म्हणाली, काढा. म्हणालो, बघू, उतरेल. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि तिकिटं काढली.

खिळा सापडेपर्यंत मुकुटातली सात पानं तमालपत्रासारखी नीवेसच्या मटणाच्या रश्शात गेली होती. ओत्तोरीनो जेवायला होता. त्यानं दोनदा वाढून घेतलं, आणि वास फार छान आहे, म्हणाला.

माझ्या ताटात एक पान आलं. कडेला काढून ठेवलं.